तीनदा शरण गेलेली पोरं

ट्रक नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, घसरला तेव्हा माझा पोरगा मागच्या फळीवर बसलेला होता, आणि सरकार आपल्याला नवे कपडे द्यायला नेत आहे अशी त्याची समजूत होती. पुढचं चाक रपट्याखाली गेलं. ट्रकाचं तोंड पाण्यात आणि ढुंगण वर, रेडा पाणी प्यायला वाकतो तसं. नाला फुगलेला होता. आमच्याकडे लख्ख ऊन, पाऊस वर डोंगरात पडून गेलेला. गावातली बौद्धांची सगळी पोरं ट्रकाच्या वरच्या टोकाला एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. ड्रायव्हर रपट्याच्या दगडी खुंटाला मिठी मारून होता. तालुक्याचा साहेब टपावर बसला होता आणि त्याने छत्री उघडली होती. छत्री कशाला उघडली ते मला आजपर्यंत कळलं नाही.

मी धानाच्या बांधीतून धावत आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, काठावर उभी. पोरं रडत नव्हती. मीच त्यांना शिकवलं होतं, भीती वाटली की वंदना म्हणायची. ती म्हणत होती, बेंबीच्या देठापासून.

"दुतियोम्पी बुद्धोंग शोरोनोंग गोच्छामी!"

अगदी बंगाल्यांच्या तोंडची वंदना. ट्रकात बंगाली एकही नव्हता. ट्रक आला होता मात्र बंगाल्यांच्या पोरांसाठीच.

आमच्या गावाला लागून बंगाल्यांचा कॅम्प होता. जे आधी आले त्यांना सरकारने जमीन दिली, कागद दिले. जे बांगलादेशच्या लढाईनंतर आले त्यांना काही नाही. ते आधीच्यांच्या परसात झोपड्या घालून राहत, तळी खोदून त्यात मासे पाळत. तिकडचे ते राहिले नव्हते आणि इकडचे झाले नव्हते. त्यांच्या पोरांना कुठचे म्हणून विचारलं तर "कॅम्पातले" म्हणत. कॅम्प हा काही देश नव्हे.

मी संध्याकाळी विहारात पोरांना वंदना शिकवायची. मी चौथी पास. गावातल्या बायांत तेवढी शिकलेली मीच, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. नवरा बल्लारपूरला कागद कारखान्यात होता, सुटीला यायचा, आणि त्याला पंचशील तिसऱ्याच्या पुढे येत नव्हतं. मला पाली सगळी पाठ होती. अर्थ ठाऊक नव्हता, पण अर्थ कोणी विचारतही नव्हतं. वर्ग सुटला की मूठभर मुरमुरे आणि गुळाचा खडा. त्या मुरमुऱ्यांसाठी बंगाल्यांची पोरं आधी दाराशी उभी राहू लागली, मग उंबऱ्यावर बसू लागली, मग आत.

त्यांच्यात एक मुलगी होती, बारा-एक वर्षांची. धाकट्या भावाला हाताला धरून यायची. ती मला "माशी" म्हणायची. बंगालीत माशी म्हणजे मावशी. मराठीत माशी म्हणजे माशी. आठवड्याभरात सगळं गाव मला माशी म्हणू लागलं, आणि सरपंचसुद्धा एकदा चारचौघांत म्हणाला, "माशीबाई, जरा इकडे बसा."

तिचा बाप एकदा चौकशीला आला. पोरं कुठे जातात ते बघायला.

"तुमच्यात देव कोणता?" त्याने विचारलं.

"देव नाई."

"नाई? मग रोज एवढा वेळ बसून काय करता?"

"पाच गोष्टी करायच्या नाई म्हणून सांगतो. जीव मारायचा नाई, चोरी करायची नाई, खोटं बोलायचं नाई..."

"आणि मासे?"

"मासे तुमचे तुम्ही पाहा."

त्याला पटलं. ते लोक हिंदू, घरी त्यांचं कीर्तन चालायचं, टाळ-मृदंग असायचा. म्हणून त्यांच्या पोरांचा आवाज मोठा आणि सूर पक्का. आमची पोरं पुटपुटणारी. महिन्याभरात झालं असं की बंगाली पोरं आमची वंदना म्हणू लागली आणि आमची पोरं ती बंगाल्यांसारखी म्हणू लागली. 'बुद्धं'चं 'बुद्धोंग', 'सरणं'चं 'शोरोनोंग'. मी सुधारायला गेले तर माझ्याच तोंडून तसं निघू लागलं. पावसाळ्यात वर्षावासाला भंतेजी आले, त्यांनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही पाली कुठची, बाई?"

"आमच्या भागातली," मी म्हणाले.

अर्थ पहिल्यांदा विचारला तो त्या मुलीने.

"माशी, सरण म्हणजे काय?"

माझा पोरगा मध्येच बोलला, "मेलेल्याले जाळतेत ते लाकडं."

"मंग आपण रोज सरणावर काऊन जातो?"

"मुकाट्यानं म्हण," मी म्हणाले. पण मग मलाही ते टोचू लागलं. लहान पोरांना रोज तीन-तीनदा सरणावर पाठवायचं म्हणजे काय? मी भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, "पालीत स आहे, बाई. सरण म्हणजे आपलं शरण. आसरा. तू आसरा मागायला जातेस."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "सरणावर नाई, आपण शरण जातो. आणि जो शरण जाते त्याले शरणार्थी म्हणतेत." हे शेवटचं भंतेजींनी सांगितलं नव्हतं, माझ्या मनचं होतं. तो शब्द मी रेडिओवर ऐकला होता, वजनदार वाटला होता. गावात बंगाल्यांना कोणी शरणार्थी म्हणत नसे. बंगाली म्हणत, नाहीतर कॅम्पवाले. तेव्हापासून वर्ग सुरू करताना मी विचारायची, "आपण कोण?" पोरं ओरडायची, "शरणार्थी!" बंगाली पोरंही ओरडायची. ऐकायला फार छान वाटायचं. त्याच भेटीत भंतेजींनी पोरांना विचारलं होतं, मोठं होऊन काय होणार. माझा पोरगा म्हणाला, ट्रक ड्रायव्हर. एक म्हणाला, घुग्घुसच्या खाणीत जाणार. एकाने भंतेजींकडे बोट दाखवून सांगितलं, "तुमच्यावाणी. जेवाले भेटते." ती मुलगी म्हणाली, नर्स. आमच्याकडे टोचायला सायकलवर एक नर्सबाई यायची. तिला पाहून सरपंच माडीवर जाऊन लपायचा, ते मुलीने पाहिलं होतं.

मग तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "मले भारताचं व्हायचं आहे."

भंतेजी हसले. "ते व्हावं लागत नाही, बाळा. ते माणूस असतंच."

मुलगी म्हणाली, "त्याले लागते."

नर्स व्हायचं तर आधी दहावी. दहावीची शाळा तालुक्याला, म्हणजे वसतिगृह. आमच्या शाळेचा मास्तर भला होता, कागद न मागता त्याने तिला सातवीपर्यंत बसू दिलं. पण त्याने सांगून ठेवलं, "पुढं माझ्या हातात नाई, बेटा. वसतिगृहवाले दाखला मागतील. कुठची रहिवासी आहे ते सरकारनं लिहून द्यायला पाहिजे." एवढं एक सोडून तिला दुसरं काही नको होतं. वर्गात सगळ्यांचे मुरमुरे वाटून झाले तरी ती बसून राहायची आणि मला विचारायची, "माशी, दाखला कोण देते?" जसा काही मी तो कनवटीला लावून ठेवला होता.

आणि तो दाखला आपल्या पायाने गावात आला. कॅम्पातल्या बिनकागदाच्या पोरांना तालुक्याला आणा, त्यांची पाहणी करून दाखले द्या, असा हुकूम निघाला होता. कोतवालाला सांगितलं, दवंडी दे. कोतवालाला दात नव्हते आणि हुकूमही त्याने अर्धाच ऐकला होता. तो ओरडत फिरला, "शरणार्थी पोरं उद्या सकाळी शाळेपुढं! साहेब ट्रक घेऊन येऊन राह्यले! दाखल करणार!"

दाखला देणार, याचं दाखल करणार झालं.

आमच्या लोकांनी ऐकलं ते असं: शाळेत दाखल करणार, म्हणजे कपडे देणार, दप्तर देणार. बंगाल्यांनी ऐकलं ते असं: ट्रक येणार आणि दुसऱ्या कुठल्या कॅम्पात नेऊन दाखल करणार. मुलीच्या बापाने सांगितलं, "ट्रकात चढलो की घर जाते." त्याचा अनुभव तसा होता. तो इकडे आला तोही ट्रकानेच, आणि ती मुलगी जन्मली तीही रस्त्यात ट्रकातच. पहाटे कॅम्पातली सगळी पोरं बापांसकट शिंदीच्या झुडपात जाऊन बसली. मुलीला बापाने बजावलं, कोणी विचारलं तर आपण शरणार्थी नाही म्हणायचं.

सकाळी मी बांधीत निंदायला गेले होते. मास्तर रजेवर. साहेब नवा, पुण्याकडचा. त्याची जीप बिघडली म्हणून त्याने बांबू वाहायचा ट्रक आणला होता. शाळेपुढे आमची पोरं आंघोळ करून, तेल लावून उभी. पुढचं मला माझ्या पोराने सांगितलं, आणि नंतर साहेबाने कबूल केलं.

"तुमच्यातले शरणार्थी कोण?"

"आमी!" सगळे ओरडले.

"सगळेच? शरण कधी आलात तुम्ही?"

"रोज."

"रोज?"

"रोज तीनदा," माझा पोरगा म्हणाला.

"कोणाला शरण आलात?"

"बुद्धाले, धम्माले, संघाले."

साहेबाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. बांगलादेशात डोंगरातही बौद्ध लोक राहतात, असं त्याने कुठे तरी वाचलं होतं. आपल्याला तेच सापडले, असं त्याला वाटलं. तो इतका खूश झाला की त्याने पोरांना स्वतःच्या खिशातल्या गोळ्या वाटल्या. मग त्याला पाण्याची कळशी घेऊन जाणारी ती मुलगी दिसली. बाप नको म्हणत असता ती बघायला आली होती.

"तू पण शरणार्थी?"

हो म्हणावं तर बापाचं मोडतं. नाही म्हणावं तर मुसावादा, खोटं बोलायचं नाही, ते तर तिला आमच्या पोरांपेक्षा पक्कं पाठ. ती म्हणाली, "मी यांच्यासंगंच शिकते."

"मग चढ ट्रकात."

तिने कळशी तिथेच टाकली आणि पळाली. दाखला तिच्या पुढ्यात उभा होता आणि ती विहारात जाऊन मूर्तीमागच्या पडद्यात शिरली. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा बाहेर येऊन बघते तर आमची पोरं वर बसून टाटा करत होती. ती तशीच बांधीकडे आली, बांधावरून घसरत, पडत.

"माशी, ट्रकानं तुमची पोरं नेली!"

"कुठी?"

"आमच्यासाठी आला होता. तुमची घेऊन गेला."

मला काही कळलं नाही, पण मी धावले. रपट्याजवळ पोचेपर्यंत ट्रक कलंडला होता. गावातले बाप्ये सगळे बांध्यांवर, लांब. आम्हा बायांना पोहता येत नाही. साहेब टपावरून ओरडत होता, "शांत राहा! सगळे शांत राहा!" आमची पोरं शांत राहण्यासाठी आणखी मोठ्याने वंदना म्हणत होती. ततियोम्पीला पोचली की परत पहिल्यापासून. मुलगी माझ्या बाजूला होती, मग नव्हती. ती शिंदीत गेली होती, बापाकडे. कॅम्पवाल्यांकडे मासे धरायचे डोंगे होते आणि पाण्याची त्यांना भीती नव्हती. भीती ट्रकाची होती. बाहेर आले की साहेब त्यांना पाहणार. तिने बापाला काय सांगितलं ते मला तिनेच मागून सांगितलं.

"म्या म्हटलं, बाबा, आज ट्रक चुकला. आपण नाई, ते लोक आहेत त्यात."

बाप म्हणाला होता, "ट्रक कधी चुकत नाई." आणि मग बघायला म्हणून उठला.

कॅम्पवाले दोन डोंगे डोक्यावर घेऊन आले. दोन्ही एकमेकांना बांधले, दोर काठावरच्या मोहाला बांधला आणि सोडले पाण्यात. पोरं खेपाखेपाने उतरवली. माझा पोरगा उतरायला तयार नव्हता, त्याला वाटलं डोंग्यात बसलं तर कपडे मिळणार नाहीत. मुलीच्या बापाने त्याला मानगुटीला धरून उचलला. शेवटी ड्रायव्हर आणि साहेब. साहेबाची छत्री वाहून गेली. मध्यावर साहेबाने मुलीच्या बापाला विचारलं, "आपण कोण?"

"कोणी नाई," तो म्हणाला.

काठावर आल्यावर मी पोराच्या कानशिलात दोन दिल्या आणि साहेबाकडे वळले.

"आमची पोरं कुठी नेऊन राह्यले होते?"

"बाई, ही शरणार्थी मुलं आहेत. त्यांनी स्वतः सांगितलं."

"हा माझ्या पोटचा आहे. माझ्या सासऱ्याचा बाप याच गावात मेला."

"पण तो म्हणाला, शरणार्थी."

"ते म्या शिकवलं त्याले."

"तुम्ही शिकवलं? का?"

मी त्याला सरण, शरण, भंतेजी, सगळं सांगितलं. तो ओल्या कपड्यांत दगडावर बसून ऐकत होता. त्याला ते कळलं की नाही, देव जाणे. आमच्यात देव नाही, पण म्हणायची सवय. मग त्याने विचारलं, "मग खरे शरणार्थी कुठे आहेत?" मुलीचा बाप डोंग्यातलं पाणी उपसत राहिला. मी मुलीकडे पाहिलं.

"साहेब, दाखल करणार म्हणजे कुठी नेणार?" मी विचारलं.

"नेणार कुठे? दाखला देणार. संध्याकाळी परत आणून सोडणार."

मुलीने हा शब्द ऐकला आणि एकदम पुढे आली. "मी आहे," ती म्हणाली. "शरणार्थी मी आहे. हा पण. आणि शिंदीत बाकीचे आहेत." बापाने तिचा हात धरला. तिने सोडवला.

साहेब उठून उभा राहिला. म्हणाला, आता ट्रक नाही, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा मी त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी नाही. तुम्ही आमची पोरं बांगलादेशी म्हणून नाल्यात बुडवली हे मी कचेरीत जाऊन सगळ्यांदेखत सांगीन, माझा आवाज तुम्ही ऐकलाच आहे. ट्रक नसला तर पाय आहेत. साहेबाने पायांकडे पाहिलं. त्याचा एक बूटही गेला होता.

दुसऱ्या दिवशी, पाणी उतरल्यावर, आम्ही चालत निघालो. मी, मुलीचा बाप, कॅम्पातली पोरं, आणि कोणी बोलावलं नसताना आमची पोरं. कपड्यांची आशा त्यांनी सोडली नव्हती.

कचेरीत कारकुनाने बंगाली पोरांकडे पाहिलं. पोरं वर्षानुवर्षं आमच्यात राहून आमच्यासारखीच दिसत होती, बोलतही तशीच. तो म्हणाला, "हे बंगाली कशावरून? गावच्याच पोरांना उभं केलं असेल. बंगालीत बोलून दाखवा."

पोरांची वाचाच बसली. बाप बोलू लागला तर कारकून म्हणाला, तुम्ही नाही, पोरांनी. मुलगी भिंतीकडे बघत होती. इतकी वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती आणि तिला स्वतःच्या भाषेतला एक शब्द आठवत नव्हता. मग तिने हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्या माणसापुढे उभं राहिलं की जे म्हणायचं असतं ते म्हणायला सुरुवात केली.

"बुद्धोंग शोरोनोंग गोच्छामी..."

कारकून मान हलवू लागला. "हां. ही बंगाली. गोड भाषा आहे."

मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात दुतियोम्पी आलं आणि दारात उभी असलेली आमची पोरं सवयीने सुरात सूर मिळवून ओरडली. कारकुनाने वर पाहिलं. "हे पण बंगालीच! यांना बाहेर काऊन उभं केलं? या, या, आत या." साहेबाने कपाळाला हात लावला आणि सही करायला पेन काढलं.

दाखला मिळाला. ती भारताची आहे असं त्यात नव्हतं, या गावात राहते एवढंच होतं. धर्म मात्र बौद्ध. मी तिच्या बापाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आमी तर हिंदू."

"खोडून आणू का?"

"नको, नको," तो घाईने म्हणाला. "शिक्का फाटेल."

वसतिगृहाला तेवढा कागद पुरला. ती दहावी झाली, नर्सिंग शिकली. सरकारी नोकरी तिला मिळाली नाही, त्याला भारताचं असावं लागतं. बल्लारपूरला खाजगी दवाखान्यात लागली. माझ्या नवऱ्याला शेवटची सलाईन तिनेच लावली. हात जड आहे तिचा, म्हणून सरपंचाचा मुलगा तिला भेतो. तिचा भाऊ अजून भारताचा होऊन राह्यला आहे. कागद वर गेला आहे म्हणतो.

माझ्या पोरालाही त्या दिवशी दाखला मिळाला. जन्मगाव बांगलादेश. तो दुरुस्त करता करता नवऱ्याच्या सगळ्या सुट्या गेल्या. पोरगा ट्रक ड्रायव्हर झाला.

त्या दिवशी नाल्यात जी पोरं होती ती सगळी जगली. ड्रायव्हर जगला, साहेब जगला. मुलीचा बाप जगला आणि पुढे म्हातारा होऊन कॅम्पातच मेला. ती आहे. मी आहे.